दादासाठी निवडलेला नववा भाग

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या आमच्या या गड्याला मित्रांनी ‘चाळणी’ असं नाव ठेवलं होतं. जपानी अ‍ॅनिमे मालिका त्याच्याइतक्या कुणी बघत नव्हतं, आणि त्याच्याइतक्या कुणी नापासही करत नव्हतं. पहिल्या भागाला तो कधीच भुलायचा नाही. “पहिला भाग म्हणजे नवा पाहुणा, भांग पाडूनच येणार,” तो म्हणायचा. “खरा स्वभाव तिसऱ्या भागात, बनियनवर आला की कळतो.” सगळे ज्या मालिका डोक्यावर घेऊन नाचायचे त्या तो मधेच सोडायचा, आणि जिला काळं कुत्रंही विचारत नाही अशी एखादी उकरून काढायचा. मित्र नावं ठेवायचे, पण नवीन काय बघू, हे त्यालाच विचारायचे.

घरी मात्र या पांडित्याला किंमत नव्हती. थोरला भाऊ डेपोत बस दुरुस्त करायचा. “घोडा झालास, अजून कार्टून बघतोस,” एवढंच दादाचं मत. वडील गेल्यापासून दोघांत “मोटर बंद कर” आणि “गेट लावलंस का” याच्यापुढे बोलणं जात नव्हतं. भांडण नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं.

मग डेपोत जॅक सटकला आणि दादाचा पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये, दादा पलंगावर. वहिनी कामावर गेलेली, चाळणीची साप्ताहिक सुट्टी. बातम्यांना कंटाळून दादा म्हणाला, “तुझं ते काय असतं, लाव एखादं.”

चाळणीने रिमोट उचलला, पण बटण दाबवेना. मित्रांना नाही आवडलं तर त्यांचं नशीब. पण दादाने जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं. आता त्याने जांभई दिली, की कार्टून ते कार्टूनच, आणि पुन्हा आपलं मोटर आणि गेट.

मारामारीचं लावावं, तर पोरकट म्हणेल. रोबोटचं लावावं, तर नटबोल्टच्या चुका काढत बसेल. कॉलेजातलं प्रेमप्रकरण दादाच्या शेजारी बसून बघायचं? त्यापेक्षा दुसरा पाय मोडलेला बरा. उरली एकच. पूल होणार म्हणून बंद पडत चाललेल्या नावेची आणि तिच्या म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट. चाळणीची सगळ्यात लाडकी, आणि गोगलगायीपेक्षा हळू. नवव्या भागात नावाडी मरतो, तेव्हा तो स्वतः ढसाढसा रडला होता. पण आठ भाग दादा कुठला थांबतोय? चाळणीने विचार केला, थेट अर्कच पाजावा. आणि नववा भाग लावला.

“खाली वाचू की वर बघू?” पडद्यावर खाली पळणाऱ्या भाषांतराच्या ओळी बघून दादाने सुरुवातीलाच विचारलं.

“दोन्ही. सवय होते.”

नावाडी आजारी पडला. पावसात माणसं काठावर जमली. नावाडी गेला. चाळणीने हळूच शेजारी पाहिलं.

दादा प्लास्टरच्या आत फूटपट्टी घालून खाजवत होता. “हा मेला तो आपल्यातला होता का?”

“म्हणजे?”

“म्हणजे चांगल्यातला की वाईटातला? रडतायत सगळे, म्हणून विचारलं.”

संपलं. “मधला भाग होता,” चाळणी पुटपुटला. “आधीचे आठ आहेत. म्हटलं, तुला कंटाळा येईल.”

“अरे, कोण कुठला ते माहीत नाही, अन् डायरेक्ट मयतीला नेलंस मला?”

“बातम्या लावू का?”

“पहिल्यापासून लाव. मला कुठं पळायचंय?”

पहिला भाग सुरू झाला. त्यात म्हातारा नाव उपडी घालून तळाला डांबर लावतो. बोलत नाही, गात नाही, लावतच राहतो. चाळणीला वाटलं, हे एवढं लांब होतं? आपण काय म्हणून याला उत्तम म्हणत होतो? दादाचा आवाज नव्हता, खाजवणंही थांबलं होतं. डोळा लागला असणार. बघायची छाती होईना, न बघता राहवेना. शेवटी तो वळला आणि पुढे झुकून दादाच्या तोंडाकडे निरखून बघू लागला.

दादाने पंजा त्याच्या गालावर ठेवून त्याचं डोकं बाजूला ढकललं.

“सरक की. दिसत नाहीये.”