ढाल फाउंड्रीत कशी आली

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही राव. एका कंपनीत उभी हयात काढली की ते आपोआप साचतात, आमच्या कामाच्या कपड्यांत काळी वाळू साचायची तसे. एक झटकायला गेलं की चार खाली पडतात. आम्ही जुने फाउंड्रीवाले चिंचवड स्टेशनाबाहेर चहाला जमलो की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्या रस्सीखेचीचं काढ की." मग चहा गार होतो आणि दुसरा सांगावा लागतो.

तेवढी पार्श्वभूमी आधी सांगतो. सत्तर साल उलटून थोडे दिवस झाले होते. कंपनीत दरवर्षी डिपार्टमेंटच्या रस्सीखेचीचे सामने व्हायचे आणि ढाल दरवर्षी मशीन शॉपमध्ये जायची. मशीन शॉपवाले म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि भांग पाडलेले केस. आम्ही म्हणजे डोळे आणि दात सोडले तर सगळे काळे! कॅन्टीनमध्ये आम्ही येऊन बाकावर टेकलो की ते ताटं उचलून पलीकडच्या टेबलावर जायचे. तोंडाने कधी काही बोलले नाहीत, पण उठायचे. ते फार लागायचं.

त्यात आदल्या वर्षीच्या फायनलला आमचा अँकर किसन, म्हणजे दोराच्या शेवटी दोर अंगाभोवती घेऊन उभा राहणारा गडी, बायकोसमोर आणि अख्ख्या कॉलनीसमोर पोटावर फरफटत गेला. तेव्हापासून तो मशीन शॉपवरची वाट सोडून गोडाऊनला वळसा घालून कामावर यायचा. किसन बीडकडचा, अंगाने दांडगा आणि बोलायला कंजूष. यंदा तो एवढंच बोलला, "ढाल आणायची." आम्ही उरलेले सात जण मान हलवून मोकळे झालो.

* * *

कंपनीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई यायच्या. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट! किसन आम्हा सगळ्यांना घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, ताकद पाहिजे. बाईंनी विचारलं, दिवसभर खाता काय? आम्ही खरं ते सांगितलं: चहा, पाव, बिडी, डबा, परत चहा, परत बिडी. बाई म्हणाल्या, "एवढ्यावर तुम्ही उभे आहात, हीच मोठी ताकद आहे."

त्यांनी बिडी बंद केली, शेंगदाणे-गूळ सुरू केला आणि मोड आलेले मूग रोज खायला सांगितले. आम्ही आठही जणांनी मूग भिजवले, ओल्या फडक्यात बांधले आणि आपापल्या लॉकरमध्ये ठेवून दिले. आता आमचे लॉकर भट्टीच्या भिंतीला लागून. त्यात गुरुवारची आठवड्याची सुट्टी आणि तिला जोडून सणाची सुट्टी आली. मुगांची आठवण कोणाला राहते?

परत कामावर आलो तर लॉकरच्या दारांना हवेसाठी असलेल्या फटींतून हिरवे कोंब बाहेर डोकावत होते. आठही लॉकर! गेटवरचा हवालदार तिथे कमरेवर हात ठेवून उभा. कंपनीची जागा परवानगीशिवाय कसायला कोणी सांगितली, असं तो दरडावून विचारू लागला. तेवढ्यात वर्क्स मॅनेजर राउंडला आले. आमची तर पाचावर धारण बसली. साहेबांनी एक कोंब उपटला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"मीठ मागवा," साहेब म्हणाले.

* * *

आमच्यातला भागुजी सांगवीचा. घर माळकरी. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. बाईंनी तर रोज दोन उकडलेली अंडी सांगितलेली. कामाच्या दिवशी कॅन्टीन होतं, पण गुरुवारी काय करणार? भागुजी बुधवारीच अंडी शेंगदाण्याच्या पिशवीत दडवून घरी न्यायचा आणि गुरुवारी गोठ्यामागे उभा राहून खायचा. आबांनी एकदा विचारलं तर सांगितलं, शेंगदाणे खातोय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेत.

आम्ही पहिला सामना जिंकलो तेव्हा आबा बघायला आले होते. पोरगा असा काही ओढत होता की म्हातारा हरखून गेला. घरी जाताना पुलावर आबांनी त्याला थांबवलं. "भागू, पांढऱ्या टरफलाचं शेंगदानं म्या या वयात पयल्यांदा बगितलं. खा, आडवत न्हाई. पन तुज्या आयला कळू देऊ नगंस."

भागुजी घाबरला. दुसऱ्या दिवशी पहाटेच टरफलं वेचायला गोठ्यामागे गेला, तर तिथे एकही टरफल नाही. आई शेण गोळा करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दर येळंला मीच पुरती उकिरड्यात. तुज्या बाला दिसाय नगं म्हनून."

* * *

ह्याच आबांची म्हैस एकदा मुळा नदीच्या चिखलात रुतली. अर्धी सांगवी काठावर जमून ओरडत होती आणि म्हैस इंचभर हलत नव्हती. भागुजी सायकल मारत कंपनीच्या गेटवर आला. आमची पहिली पाळी नुकतीच सुटली होती. किसनने प्रॅक्टिसचा दोर खांद्यावर टाकला आणि आम्ही सगळे सायकलींवरून सांगवीला!

किसनने आधी काठावरच्या लोकांना गप्प केलं. मग दोर म्हशीच्या पुढच्या पायांमागून नीट घेतला, आम्हाला ओळीने उभं केलं आणि फक्त त्याच्या हाळीवर ओढायचं असं बजावलं. पहिल्या हाळीला चिखल नुसता बुडबुडला. दुसऱ्या हाळीला म्हैस हंबरली. मग एकदम सुटली ती थेट काठावर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही छाती फुगवून उभे राहिलो, पण दोर सोडायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

म्हशीला घर आठवलं. ती निघाली. आम्ही आठ जण, पोसलेले, मूग खाल्लेले, तिच्या मागे फरफटत बाभळीपर्यंत गेलो. सगळ्यात मागे किसन. उठून त्याने अंगावरचा चिखल झटकला आणि आबांना अगदी गंभीरपणे विचारलं, "हिचं नाव आमच्या टीमात लावता येईल का?"

नाव काही लागलं नाही. पण तेव्हापासून फायनलपर्यंत त्या म्हशीच्या दुधाची किटली रोज भागुजीच्या सायकलला लटकून यायची, आणि आम्ही ते दूध भट्टीवर गरम करून प्यायचो. तसलं दूध पुन्हा मिळालं नाही.

* * *

फाउंड्रीत निम्म्या लोकांची कंबर धरलेली असायची. वजन उचलायचं म्हणजे कमरेत वाकायचं आणि झटका मारायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. एके दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः शॉपमध्ये आल्या. पदर खोचला, वाळूने भरलेल्या घमेल्यासमोर पाठ ताठ ठेवून उकिडव्या बसल्या आणि नुसत्या मांड्यांच्या जोरावर घमेलं घेऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, पाठीचा कणा हा खांब आहे, त्याला क्रेन करू नका. दोर ओढतानाही असंच बसून ओढा.

आम्ही महिनाभर तसंच बसून ओढलं. मांड्या इतक्या भरून यायच्या की आम्हाला जिना उतरताना बघून बायका हसायच्या. पण कंबरदुखी पळाली, हे मी शपथेवर सांगतो!

सेमीफायनलला समोर टूलरूम होती. दोर त्यांच्याकडे सरकायला लागला. बाई मंडपातून उठून थेट रेषेपाशी धावत आल्या आणि जिवाच्या आकांताने ओरडल्या, "बसा! खाली बसा!"

आम्ही बसलो आणि सामना तिथेच फिरला. मागे वळून बघतो तर मैदानातली सगळी पब्लिकही खाली बसली होती. मंडपात खुर्च्यांवर बसलेले दोन साहेब सतरंजीवर आले होते. टूलरूमचा अँकरसुद्धा गोंधळून बसला होता, पण त्याने दोर सोडून बसायला नको होतं.

* * *

आणि मग फायनल.

सकाळी किसन मोरीत अंघोळ करत होता. साबण हातातून सुटला, तो उचलायला वाकला आणि पाठीत उसण भरली. रोज रसरशीत लोखंडाचा लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, उचलणारा गडी साबणाच्या वडीने आडवा केला! आम्ही त्याला हातगाडीवर घालून मैदानात आणला. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, शेक दिला आणि सांगितलं की आज दोराला हात लावायचा नाही. किसन सतरंजीवर कुशीवर पडून मैदानाकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला तोंड फिरवताही येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, पायाळू माणूस बघा. जन्मताना पायांकडून आलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आपल्याकडे घरोघर मानतात. बाईंनी कपाळाला हात लावला. आम्ही मात्र सगळी कॉलनी पालथी घातली. पायाळू कोणी सापडेना. सामन्याची वेळ झाली.

आणि समोरून नामदेव आला. नामदेव दिघीचा, मशीन शॉपचा कॅप्टन. आदल्या वर्षी किसनला फरफटवला तो ह्यानेच. त्याची माणसं त्याला मागून शर्टाला धरून ओढत होती, कशाला जातोस म्हणत होती. त्याने त्यांना झिडकारलं आणि किसनसमोर उभा राहिला.

"मी हाय पायाळू," तो म्हणाला. "पालथा पड."

गेलं वर्षभर ज्याच्या दारावरून किसन गेला नव्हता, त्याचा पाय सगळ्यांदेखत पाठीवर घ्यायचा! किसनची बायको पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. किसनने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दोराकडे बघितलं आणि कण्हत कण्हत पालथा झाला.

पायाळू माणूस पाय कसा लावतो, तर नुसता टेकवतो, हळूच. नामदेवने बूट काढला, दोन पावलं मागे गेला आणि अशी लाथ घातली की मंडपातल्या साहेबांच्या कपातला चहा सांडला. कट्ट असा आवाज झाला. आम्ही नामदेववर धावून जाणार, एवढ्यात किसन उठून बसला. मग उभा राहिला. डावीकडे वळला, उजवीकडे वळला. बाईंनी त्याला वाकवून बघितला, उठवून बघितला, आणि गोळ्यांची डबी बंद केली.

पहिली ओढ मशीन शॉपने मारली. दुसरी आम्ही. तिसऱ्या ओढीला किती वेळ दोर जागचा हलला नाही ते देवाला माहीत. माझ्या तळहाताची सालटी निघाली होती, भागुजी देवाचं नाव घेत होता. मग मागून किसनची हाळी आली, म्हशीच्या वेळी होती तशी, आणि आम्ही सगळे बसलो. नामदेव आणि त्याची माणसं एकामागे एक रेषेच्या अलीकडे आली. आम्ही जिंकलो! फाउंड्रीने ढाल मारली! किसनची बायको काळ्या कपड्यांच्या गर्दीत घुसून लहान पोरीसारखी नाचत होती. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आम्ही बाकावर टेकलो तेव्हा मशीन शॉपवाले ताटं उचलून आमच्याच टेबलावर आले.

गुरुवारी किसनने पेढे घेतले आणि आम्ही सगळे दिघीला नामदेवच्या घरी गेलो. नामदेव अंगणात बसला होता. किसन थेट आत गेला आणि त्याच्या आईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, तुमचं लेकरू पायाळू म्हणून माझी लाज राहिली.

म्हातारीने पेढ्याचा पुडा हातात घेतला आणि आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"कोन, नाम्या? त्यो कुठला पायाळू? पायाळू त्याची थोरली भन, नांदती हाय ती तळेगावला. ह्यो तर चांगला डोक्याकडनं आला."

आम्ही सगळे वळून अंगणात बघायला लागलो. नामदेव पायातला बूट काढून आत येत होता.

"पेढे कुठल्या दुकानातले?" त्याने विचारलं.