चिटणिसांचा गॉगल

आमच्या चिटणीस घराण्यात कोणालाही चष्मा लागत नाही. हे मी सांगत नाही, माझा दादा सांगतो, आणि टेबलावर हात आपटून सांगतो. आमचे कोणी खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात पत्रं लिहायला होते. पणतीच्या उजेडात म्हणे ते बारीक मोडी लिहायचे आणि तीच नजर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या डोळ्यांत उतरली आहे. नजरबिजर काही उतरलेली नाही. आमचे हात लांब आहेत, इतकंच. बाबा वर्तमानपत्र गुडघ्यांच्या पलीकडे धरून वाचायचे. काकांचे हात पुरेनासे झाले तेव्हा लग्नपत्रिका आली की ते काकूला पत्रिका घेऊन भिंतीपाशी उभं करायचे आणि स्वतः दारातून मुहूर्त वाचायचे. पण चष्मा? छे! चष्मा लावला असता तर खापरपणजोबांची अब्रू गेली असती.

दादा म्हणजे गोपाळकृष्ण चिटणीस, मुक्काम माधव नगर, उज्जैन. बँकेतून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने सायकल घेतली. मग तो एकेकाच्या दाराशी जाऊन घंटी वाजवायला लागला. यशोधन सर, गणिताचे निवृत्त मास्तर, बायको गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. दादा रोज सकाळी त्यांच्या खिडकीखाली इतकी घंटी वाजवायचा की शेजारी भांडायला यायचे. शेवटी शेजाऱ्यांसाठी म्हणून सर खाली उतरले. विमा कंपनीतला तुषार, त्याचे दोन मित्र आणि शाळेत भूगोल शिकवणारी मी, त्याची धाकटी बहीण, असे आम्ही सगळे दादाने गोळा केलेले. दर रविवारी निघायचो. पुढे दादा आणि सर्वांत मागे मी, पुढे टोपली लावलेल्या माझ्या सायकलीवर.

पुढे राहणं हा दादाचा जीव की प्राण. बँकेत त्याला कधी मॅनेजर केलं नाही, घरात जयूवहिनीपुढे त्याचं काही चालत नाही. रविवारी सकाळी मात्र पाचजणांची वरात त्याच्या पाठीमागे चालायची.

त्यात केतकीने, म्हणजे त्याच्या लेकीने, पुण्याहून हँडलवर बसवायचं एक यंत्र पाठवलं. काडेपेटीहून जरासं मोठं. त्यात नकाशा दिसतो, वळणं दिसतात, वेग दिसतो. आणि इथेच आमच्या घराण्याची विद्या संपली. कागद लांब धरता येतो, पण सायकलीचं हँडल काही लांब धरता येत नाही.

पण न दिसणं कबूल करील तर तो दादा कसला! तो थोड्या थोड्या वेळाने यंत्राकडे नजर टाकायचा आणि ओरडायचा, "अठ्ठावीस!"

मागे तुषारच्या सायकलीवर चाकाला जोडलेला साधा मीटर होता. त्यावर सोळा असायचे. तुषार माझ्याकडे बघायचा, मी आभाळाकडे बघायचे, यशोधन सर म्हणायचे, "वा, गोपाळराव!" कोणी कधी तोंड उघडलं नाही. अठ्ठावीस म्हटल्यावर दादाची नुसती पाठ बघितली तरी कळायचं की माणूस खूश आहे.

माहीत असलेल्या रस्त्यांवर सगळं ठीक चाललं. एका रविवारी त्याने मक्सी रस्त्याच्या आतला एक तलाव दाखवायचं ठरवलं. तलाव पूर्वेला. सकाळचा सूर्य माझ्या पाठीवर. मी भूगोल शिकवते हो! मी मागून ओरडले, "दादा, सूर्य पाठीमागे आहे!" तर म्हणतो, "अच्छा है, डोळ्यांवर येत नाही!"

आम्ही पोचलो ते एका शामियान्यात. तिथे सगाई होती आणि मुलाकडची मंडळी यायची होती. आम्ही हाफ पँटीत आणि हेल्मेटात. तरी कोणा भल्या माणसाने "आ गए, आ गए" म्हणत आम्हाला हात धरून बसवलं. पोहे आले, जिलबी आली. तुषारने दोनदा जिलबी घेतली. दादाने मुलीला आशीर्वाद दिला. तेवढ्यात खरी मंडळी बँड घेऊन आली आणि आम्ही सायकली उचलून जे पळालो ते थेट हायवेवर. त्या दिवशी तुषारच्या मीटरवर खरोखरच अठ्ठावीस आले असतील.

ही कथा जयूवहिनीच्या कानावर गेली. ती दादाला एवढंच म्हणाली, "अहो, चष्मा लावा. नाहीतर पुढे राहू नका, तुषारला राहू द्या."

दादा दोन दिवस जेवताना कोणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने वहिनीचा वाचायचा चष्मा लांबवला, मण्यांच्या साखळीसकट, आणि माधव नगरात चक्कर मारायला निघाला. यंत्र लख्ख दिसलं, पण रस्ता गेला. वाचायच्या चष्म्यातून लांबचं जग दुधात पडल्यासारखं दिसतं. समोर बसलेल्या गाईला स्पीडब्रेकर समजून त्याने सायकल सावकाश तिच्या पोटाला नेऊन टेकवली. गाय सज्जन होती, उठून गेली. मग त्याने उन्हाचा काळा चष्मा लावून त्यावर वहिनीचा चढवला. आता रस्ताही नाही, यंत्रही नाही. घरी आला तो चालत, सायकल हातात धरून, साखळीचे मणी कानात अडकलेले.

"अशू," मला म्हणाला, "चल टावर चौकात. पण चष्मा नाही घ्यायचा. गॉगल घ्यायचा. गॉगल चालतो चिटणिसांना."

टावर चौकातल्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक पोरवालजी. खालच्या भागात वाचायचा नंबर असलेले पन्नास गॉगल काढले त्यांनी. दादा स्टुलावर बसून एकेक लावून बघत होता, तोही कसा? छाती पुढे, मान ताठ, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखा. पोरवालजींनी समोर एक कार्ड धरलं, दादाने खालच्या भागातून वाचलं, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वरच्या भागातून वाचलं. "एकदम फिट है, साहब!" पोरवालजी म्हणाले.

माझं टाळकं सरकलं. "दादा, सायकलवर तू असा बसतोस? नवरदेवासारखा?"

"मग कसा?"

"वाकून बसतोस तू! वाक बघू!"

दादा स्टुलावर बसल्या बसल्या वाकला, काउंटरची कड हँडलसारखी धरली आणि मान वर केली. गॉगल घसरून नाकाच्या शेंड्यावर आला आणि त्याला समोर फक्त फ्रेमची वरची कड दिसायला लागली. "अशू, कॅलेंडर गेलं!"

पोरवालजी डोकं खाजवत म्हणाले, "ऐसा है तो साइकल अंदर ले आओ."

आणली. दोन पायऱ्या चढवून, काचेच्या दोन कपाटांमधून. दादा हेल्मेट घालून स्वार झाला. मी मागून सीट धरली. पोरवालजी पुढचं चाक गुडघ्यांत दाबून जमिनीवर बसले. तिथून त्यांनी दादाच्या डोळ्यावरच्या काचेवर स्केचपेनने खुणा केल्या. एक खूण दादा वाकून रस्ता बघतो तिथे, आणि एक खाली, यंत्र बघतो तिथे. दादा उगाचच पेडल मारायला जायचा आणि पोरवालजी खालून ओरडायचे, "साहब, ब्रेक! ब्रेक!" एक बाई आत आल्या, हे सगळं बघितलं आणि विचारलं, "भैया, यहाँ साइकल का भी नंबर निकलता है क्या?"

शेवटी ठरलं ते असं. कानापर्यंत वळलेली फ्रेम, म्हणजे वारा आणि धूळ आत शिरणार नाही. रंग फिका, म्हणजे पहाटे अंधारणार नाही. नाकाला रबर, म्हणजे घामाने घसरणार नाही. आणि काचेत अगदी खाली, बाहेरून कोणाला कळणारही नाही असा, वाचायच्या नंबरचा एक छोटा तुकडा. आठवड्याने तो तयार होऊन आला. दादाने लावला, दुकानातच सायकलीवर वाकला, आणि यंत्राच्या कडेला कोरलेलं कंपनीचं नाव वाचलं. ते मलाही दिसत नव्हतं.

"अशू! सगळं दिसतंय! आता आकडा बघून सांगत जाईन, अंदाजाने नाही!"

वळणं चुकू नयेत म्हणून आम्ही सगळे गॉगलच्या मागे लागलो होतो. आकड्याचा विचारच कोणी केला नव्हता.

त्याच संध्याकाळी यशोधन सरांच्या ओट्यावर बैठक बसली. रविवारी बडनगर रस्त्याला, तुषारच्या एका मित्राच्या सासऱ्यांच्या शेतावर दाल-बाफल्यांच्या जेवणाचं निमंत्रण होतं. मित्र पुढे गाडीने जाणार होता आणि वाट फक्त दादाच्या यंत्रात भरायची होती. भरायचं काम तुषारचं.

"तेव्हाच काहीतरी करू," तुषार म्हणाला. "पण काय करू? आकडा बंद केला तर काकांना डाउट येईल."

सरांनी डोळे मिटले. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. मग उघडले. "मैल कर. किलोमीटरचे मैल कर. मैल मोठा असतो, आकडा मोठा दिसेल."

"क्या बात है, सर!" तुषार म्हणाला. मीसुद्धा मान डोलावली. भूगोलाची बाई मी, नकाशाच्या खाली मैलांची पट्टी मुलांना दरवर्षी दाखवते. पण सर इतक्या खात्रीने बोलले की मला काही सुचलंच नाही.

रविवारी निघालो. दादाने नवा गॉगल लावला होता आणि मान अशी काही फिरवत होता की रस्त्यावरच्या कुत्र्यांनीही बघावं. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं लागली. दादा वाकला आणि काचेच्या खालच्या तुकड्यातून यंत्राकडे बघितलं. आम्ही सगळे कान टवकारून.

आवाज आला नाही. त्याने पुन्हा बघितलं, मग ब्रेक दाबला. आम्ही एकेक करून थांबलो.

"दहा," तो हळूच म्हणाला.

तुषार आपल्या बुटांकडे बघायला लागला. यशोधन सर पुटपुटले, "मैल मोठा असतो... म्हणजे तो कमी भरतो... अरे देवा!"

"हे बिघडलंय," दादा म्हणाला. पण आमची तोंडं बघितली आणि त्याला कळलं. दादा हट्टी आहे, मूर्ख नाही.

मीच बोलले. "दादा, ते मैल आहेत. किलोमीटरमध्ये सोळा होतात."

"सोळा?" क्षणभर त्याचा चेहरा खुलला. दहानंतर सोळा कोणालाही बरेच वाटतील. मग पुन्हा उतरला. "आणि अठ्ठावीस?"

सर खिशात रुमाल शोधायला लागले.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले. मला रडूच यायला लागलं होतं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी सरांकडे रागाने बघितलं.

दादा रस्त्यावरच्या एका छोट्या पुलाच्या कठड्यावर बसला. गॉगल काढला, पुसला, हातातच ठेवला. "तुषार, तुझी किती जाते रे? खरं सांग."

"तीस जाते, काका. एकटा असलो की."

"मग इतके दिवस माझ्या मागे काय करत होतास?"

तुषारने खूप विचार केला. "तुमच्या मागे हवा लागत नाही ना, काका."

दादा हसला नाही. "आधी ते यंत्र किलोमीटरवर आण," म्हणाला, "आणि मग जा. सगळे जा, मोकळे व्हा. मी येतो अशूबरोबर मागून."

ते नको नको म्हणाले, पण दादाने डोळे वटारले तेव्हा निघाले. पहिल्यांदा हळू, मग दावं सुटलेल्या वासरांसारखे. सरसुद्धा! बघता बघता दिसेनासे झाले.

आम्ही दोघं चाललो.

"अशू, मी खरंच इतका स्लो आहे?"

"दादा, मी तुझ्याही मागे असते. माझा विचार कर."

"तू तर टोपली घेऊन चालवतेस," तो म्हणाला. एवढंही बोलला म्हणून मला जरा बरं वाटलं.

पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. तिथे सगळी फौज उभी. तुषार फोन वर धरून नेटवर्क शोधत होता. यशोधन सर उजवीकडच्या फाट्याने जाऊन एक कुत्रं पाठीशी घेऊन परत आले होते आणि आता ते कुत्रंही आमच्यातच उभं होतं.

"काका, लेफ्ट की राइट?" तुषारने विचारलं. "आम्ही कधी बघितलंच नाही हो. तुम्ही असता ना पुढे."

दादाने गॉगल लावला. दुकानात वाकला होता तसा हँडलवर वाकला, खालच्या तुकड्यातून नीट बघितलं.

"डावीकडे."

कोणी निघालं नाही. तुषारने आपली सायकल कडेला घेतली, सरांनीही घेतली, आणि पुढची जागा मोकळी ठेवली. दादाने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग पेडल मारलं आणि डावीकडे वळला. आम्ही मागे, माझ्या मागे ते कुत्रं.

थोडं पुढे गेल्यावर तो यंत्राकडे वाकला आणि पूर्वीसारखाच दणदणीत ओरडला,

"सोळा!"

"वा, गोपाळराव!" सर म्हणाले. मी सर्वांत मागून त्याची पाठ बघितली. अठ्ठावीसला दिसायची तशीच खूश दिसत होती.