लाल पेनाने खोडलेली भाकरी

माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास महाडात एसटी डेपोजवळ आहे, एका कापड दुकानाच्या वर. तेरा वर्षं मी तीच वाक्यं शिकवते आणि खरं सांगायचं तर आता मला त्यांचा वीट आलाय. हैबतीभाऊंबद्दल लिहायचं तर सुरुवात या विटापासूनच करायला हवी, कारण त्यांचं नुकसान झालं ते त्यातूनच.

हैबतीभाऊ चव्वेचाळीस वर्षांचे. औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात ऑपरेटर. घर पोलादपूरच्या वर डोंगरात, बारा उंबऱ्यांच्या वाडीत. गाडी खाली लावून वीस मिनिटं चढायचं. एकोणीस वर्षं तीन पाळ्यांत काढली, आणि पाळी दर आठवड्याला बदलणारी. पहिली असली की ते दुपारी चारला क्लासला यायचे, दुसरी असली की सकाळी अकराला. तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात यायचेच नाहीत.

त्या आठवड्यात ते सकाळी नऊला घरी पोचत. बायको शेतावर गेलेली असे. त्यांची आई, ठकूबाई, दाराच्या कडीला त्यांचा टॉवेल बांधून ठेवी. कडीला टॉवेल दिसला की वाडीत कुणी मोठ्याने हाक मारत नसे, शेजारीण मिक्सर लावत नसे, कोंबड्या खालच्या अंगाला हाकलल्या जात. अख्खी वाडी एका माणसासाठी दबक्या पावलांनी वावरायची. तरी भाऊंना झोप काही लागत नसे. मला ते एकदा म्हणाले, "सगळी माझ्यापायी गप बसतात मॅडम, आन् मी आत डोळं उघडं ठेवून पडतो. त्याचीच जास्त लाज वाटते."

म्हणून त्यांना इनचार्जची जागा हवी होती. ती जागा फक्त दिवसाच्या पाळीची. पगार वाढला नाही तरी चालेल, रात्री घरी झोपता आलं की पुरे, असं ते म्हणायचे. पण मुलाखत इंग्रजीत होती, आणि पंचेचाळिशीनंतर अर्ज घेत नसत. म्हणजे ही संधी शेवटचीच.

मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे एक ठरलेलं पान आहे. फार वर्षांपूर्वी नेटवरून उतरवून घेतलेलं, तेव्हापासून त्याच्या झेरॉक्स वाटते आहे. त्यात उपमा आहेत आणि फ्रेजल व्हर्ब. म्हणजे साध्या क्रियापदाला अप, आऊट, डाऊन असं काहीतरी जोडून झालेले शब्द, इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात वापरतो ते. 'आय बर्न आऊट लाइक अ कँडल', म्हणजे मी मेणबत्तीसारखा जळून संपतो. अशी वीस वाक्यं. पाठ करा, साहेबांवर छाप पडते, असं मी सगळ्यांना सांगायचे.

एकदा मी घरी करायला दिलं, अशीच पाच वाक्यं स्वतःची लिहून आणा. बाकीच्यांनी पानावरचीच उतरवून आणली. भाऊंनी मात्र एकच आणलं होतं, पण स्वतःचं. 'डे स्लीप ब्रेक्स अप लाइक कोल्ड भाकरी.' मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "तांदळाची भाकरी थंड झाली की हातात घेतल्याबरोबर तिचं तुकडं पडतात ना, तशी दिवसाची झोप."

मी हसले, ते आजही मला टोचतं. इंग्रजीत भाकरी नसते हो भाऊ, मी म्हणाले, आणि लाल पेनाने वाक्य आडवं खोडून खाली मेणबत्तीचं लिहून दिलं. वर्ग चार तास चालला होता, पुढच्या बॅचची मुलं जिन्यात उभी होती, माझं डोकं दुखत होतं. अशा वेळी खोडणं सोपं असतं. त्यांनी मान डोलावली आणि वहीत मेणबत्ती तीनदा गिरवली.

मुलाखत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला ते आले. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, हातात डब्याची पिशवी. दुसऱ्या पाळीला निघाले होते. जागा पुण्याकडच्या एकाला गेली होती. माझ्या क्लासचे चौघे मुलाखतीला बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

"पयला अक्षय आत गेला," भाऊ सांगू लागले. "मग श्रीपत, मग सार्थक. मी शेवटी. साहेबांनी विचारलं, नाइट शिफ्टनं माणसाचं काय होतं. मी म्हटलं, आय बर्न आऊट, तर पुढचं साहेबच बोलले, लाइक अ कँडल. तिघं साहेब हसलं."

मी विचारलं, "मग?"

"मग म्हणाले, मेणबत्ती आज चौथ्यांदा ऐकतोय, तुमचं स्वतःचं काय हाय ते सांगा."

"आणि तुम्ही?"

"माझं होतं की, मॅडम. भाकरीचं. जिभेवर आलंवतं. पण ते तुमी खोडलंवतं. म्हटलं, मॅडमनी खोडलं म्हणजे चुकीचंच असणार. गप बसलो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांची वही मागून घेतली, ते पान काढलं आणि खोडलेल्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली. लाल पेनानेच केली, दुसरं पेन नव्हतं. "भाऊ, हे बरोबर होतं," मी म्हणाले. "चूक माझी झाली. पुढच्या वेळी…" आणि तिथेच थांबले, कारण पुढची वेळ नव्हती.

त्यांनी खूण बघितली. मग वही पिशवीत घातली आणि उठले. "निघतो, मॅडम. पयल्या पाळीचा महादू प्लँटवर उभा असंल. मी पोचल्याबिगर त्याला निघता यायचं नाय." एकोणीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला स्वतःसाठी ताटकळत ठेवलं नव्हतं.

चारच्या बॅचला मी झेरॉक्स वाटल्या नाहीत. मुलांनी पान मागितलं, मी म्हटलं, संपलं. खरं तर कपाटात पुरा गठ्ठा होता.

हैबतीभाऊंच्या निवृत्तीला अजून सोळा वर्षं आहेत. सोमवारपासून त्यांची तिसरी पाळी. मंगळवारी सकाळी नऊला ठकूबाई कडीला टॉवेल बांधतील.