नलूकाकू बी.ए. झाली

नलूकाकू नळावर कपडे धुये तवा इतिहासाची उत्तरं पाठ करे. एक वाक्य, मोगरीचा एक दणका. काकाचा सदरा आला का दणके वाढत. पंचेचाळीशीत तिनं हिंगणघाटले रविवारच्या कॉलेजात बी.ए.ले नाव टाकलं. काका पिऊन ओरडे, "म्हातारपणी कोणाले डोळे मारते व तिथं?" काकानं पट्ट्यानं पाठ सोलली, तरी रविवारी काकू वर्गात. बाकाले न टेकता बसली.

मलेई तिनंच ओढत नेलं. मी बारावीवाली, कडेवर पोरगी. वर्गात माह्या वयाच्या लय होत्या, सुटत गेल्या. एकीले दिवस गेले, एकीचं डोक्स सासूनं भिंतीवर आपटलं. उरल्या त्या पिकल्या केसाच्या. म्या विचारलं, असं काऊन? काकू म्हणे, "तुमच्या वयात घरातला जो तो मालक असते, पोरी. माही सासू मेली, पोरं कामाले लागले. मारणारा एकच उरला, त्याचेई हात आता थरथरतात."

पहिल्या पेपरच्या सकाळी माह्या नवऱ्यानं पुस्तक चुलीत घातलं. काढाले गेली तं बरगडीत लाथ. वरून त्यानंच नलूकाकूले हाक मारली, तिचा पुतण्याच तो, "काकू, समजाव हिले!" काकू ओली मोगरी घेऊनच आली. "समजावते," म्हणे, अन् त्याच्या मनगटावर हाणली. त्यानं ढकललं, उंबऱ्यावर काकूचं कपाळ फुटलं. पदरानं रगत दाबून मले म्हणे, "ऊठ व, बस जाईन."

कंडक्टरनं विचारलं, "मावशी, दवाखान्यात का?"

"नाई बाप्पा, परीक्षेले."

शेवटच्या वर्षी, शेवटच्या पेपरले काकू पुढं निघून गेलती, तेवढ्यात माह्या नवऱ्यानं माहा उजवा हात मुरगाळून मोडला. काकू पास झाली. गल्लीत पेढे वाटले, काकाच्या तोंडात तं कोंबलाच. अन् पोळ्याच्या आधी छातीत कळ येऊन वारली.

काकू होती तवर माहा नवरा हात उचलाच्या आधी दाराकडे पाहे. आता पाहत नाई.

आज माहा राह्यलेला पेपर होता. पोरगी मायजवळ ठेवली. तो न्हाणीत गेला अन् म्या बाहेरून कडी लावली. तो लाथा मारे, बादली आपटे, "जित्ती ठेवत नाई तुले!" मी पयत सुटली, चप्पल बी नाई घातली.

पेपर पुरा लिहिला. आता इथं कॉलेजच्या पायरीवर बसून हे लिहून राह्यली. घरी दुसरं कोणीच नाई. थे कडी मलेच काढा लागते.