सात नंबर, पाणी बंद

आमच्या ट्यूटर करुणा दाभाडे यांचं नाव ज्याने करुणा ठेवलं, त्याने बाळाचा चेहरा नीट पाहिला नसावा. कपाळावर कायम आठी. शेंद्र्याहून सकाळच्या बसने यायच्या आणि वॉर्डात पाऊल टाकल्यापासून आम्हा नर्सिंगच्या मुलींवर वैतागायच्या. कारण बहुतेक एकच, ओव्हर. पाळी संपताना पुढच्या पाळीच्या मुलीला एकेका खाटेपाशी उभं राहून पेशंटची सगळी हकीकत सांगायची, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो.

"पेशंट बरा आहे" असं म्हणायची आम्हाला बंदी होती. बरा असता तर घरी नसता का, असं विचारायच्या. म्हणून आम्ही सविस्तर सांगायला लागलो, तर तेही चालेना. सावनीने एकदा एका आजोबांच्या पोटदुखीची कथा त्यांच्या धाकट्या सुनेपासून सुरू केली. मॅडमनी डोक्याला हात लावला. कीर्तन नको, थोडक्यात सांगा. मी मनात म्हणायचे, या बाईंना नेमकं हवंय तरी काय? आज मी स्वतः मुलींना शिकवते आणि मलाही रोज हाच प्रश्न पडतो, फक्त मुलींबद्दल.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. बायपासला दर महिन्याला नवी इमारत उभी राहत होती, आणि तिच्या बोअरमधून पाण्याऐवजी धुरळा येत होता. गुलमंडीत आमच्या घरी चौथ्या-पाचव्या दिवशी नळ यायचा. आमच्या दवाखान्यातली ऑपरेशनंसुद्धा टँकरवर चालायची. टँकर आला तर यादी, नाही आला तर यादी रद्द. डॉक्टर, शिपाई, पेशंट, ज्याच्या त्याच्या तोंडी पाण्याच्याच गोष्टी.

सात नंबरच्या खाटेवर पारूबाई होत्या. कन्नडकडच्या एका खेड्यातल्या, साठीच्या पुढच्या, पित्ताशयात खडे. ऑपरेशन सकाळी होतं, म्हणून आदल्या रात्री दहापासून त्यांचं खाणंपिणं थांबवलेलं. टँकरची वाट बघत सकाळ गेली. दुपारी दीडला डॉक्टरांनी वैतागून ऑपरेशन उद्यावर ढकललं. त्यांचा मुलगा कडुबा हे ऐकून चारा छावणीवरच्या जनावरांकडे परत गेला, उद्या येतो म्हणाला. म्हाताऱ्या बाईला आता रात्रीपर्यंत खायला-प्यायला द्यायचं होतं. इन्चार्ज सिस्टरला वाटलं हे पारूबाईंना मी सांगेन, मला वाटलं त्यांनी सांगितलं असेल.

दोन वाजता मी सावनीला ओव्हर दिला. मॅडम शेजारी वही घेऊन उभ्या. मी थोडक्यात म्हणाले, "सात नंबर. ऑपरेशन उद्यावर. पाणी बंद."

मी नळाबद्दल बोलत होते. वॉर्डातला एकुलता एक नळ सातव्या खाटेला लागून होता आणि सकाळपासून कोरडा होता. सावनीला बादली भरून आणायला लागू नये म्हणून मी बिचारीला मदतच करत होते. पण ऑपरेशनआधी पेशंटला उपाशी ठेवतात त्यालाही आम्ही पाणी बंदच म्हणायचो. सावनीने तेच ऐकलं. रात्री आठला तिने तेच पुढे दिलं आणि रात्रीच्या मुलीने ते इमानेइतबारे पाळलं. मॅडमनी माझ्या नावापुढे दहापैकी नऊ लिहिले.

सकाळी आठला मॅडम आल्या आणि सातव्या खाटेपाशी थांबल्या. पारूबाईंची जीभ लाकडासारखी झाली होती, ओठांना चिरा पडलेल्या. लघवी कधी झाली, कुणालाच माहीत नाही. केसपेपर चाळला, तेव्हा उलगडा झाला. चौतीस तास बाई पाण्याच्या थेंबाशिवाय होती. एप्रिलात.

डॉक्टर धावत आले, सलाईन लागली. किडन्यांना धक्का बसला असेल तर अवघड आहे, म्हणाले. आता लघवी होते का, एवढीच वाट बघायची. ऑपरेशनचं नावही कुणी काढेना.

मॅडम खाटेवर वाकल्या आणि त्यांचं शेंद्र्याचं बोलणं एकदम वर आलं. "मावशे, तहान लागल्यावर मागायचं नाय व्हय? एवढ्या पोरी हिंडत व्हत्या हितं."

पारूबाई हळू बोलल्या. "नळ कोरडा दिसत व्हता बाई. आमच्या गावात बी नाय, हितं बी नाय. कुनाला मागावं? पोरीबी लई दमल्याल्या."

मला वाटलं, आता मॅडम सगळ्यांसमोर माझी सालटी काढतील. इन्चार्ज सिस्टर मेमोचा कागद घेऊनच आल्या होत्या. मॅडमनी तो त्यांच्या हातून घेतला आणि माझ्या नावाआधी स्वतःचं लिहिलं.

"दाभाडे मॅडम, ओव्हर हिने दिला ना?" इन्चार्ज म्हणाल्या.

"मी तिथंच उभी होते. मीही नळच ऐकला," मॅडम म्हणाल्या. "घरी पाच दिवस झाले, नळ नाही. विचारायचं मलाही सुचलं नाही."

हे म्हणताना त्या चिडलेल्याच होत्या. माझ्यावर, स्वतःवर, टँकरवाल्यावर, बहुधा आकाशावरसुद्धा. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. स्वतःची इतकी शरम वाटत होती, की दुसऱ्यावर रागवायला जागाच उरली नव्हती.

मी खाट सोडली नाही. चमच्याने ओठ ओले केले. दर तासाला भांडं लावून बघितलं. दहा वाजले, अकरा, बारा. पारूबाई मला म्हणत होत्या, तू जेवून घे. पाऊण वाजता भांड्यात लघवी दिसली, गडद, थोडीशी. आयुष्यात लघवी बघून रडणारी मी एकटीच असेन.

दोन वाजता पुन्हा सावनीला ओव्हर द्यायचा होता. मॅडम वही न उघडता उभ्या राहिल्या. मी म्हणाले,

"सात नंबर, पारूबाई. पाऊण वाजता लघवी झाली, शंभर मिली. दुसरी सलाईन चालू आहे. पाणी तोंडाने द्यायचंय, थोडं थोडं." मॅडम अजून बघत होत्या. "आणि पारूबाई स्वतःहून पाणी मागत नाहीत. आपणच जाऊन विचारायचं."

सावनीने लिहून घेतलं. मॅडमनी पारूबाईंच्या उशाशी पडलेला स्टीलचा पेला उचलला, रिकामा आहे का ते पाहिलं, आणि भरून आणायला स्वतः टँकरच्या टाकीकडे गेल्या.