मास्तरांच्या ट्रंपेटचा डाख

शुक्रवार पेठेतल्या आमच्या दुकानात वडिलांच्या वेळी घागरी, पराती, बंब यायचे. माझ्या हाती दुकान आलं तोवर स्टीलने ते काम खाल्लं होतं, म्हणून मी बँडची पितळी वाद्यं दुरुस्त करू लागले. बाई डाख वितळवून धातूचे सांधे जोडते, झाळकाम करते म्हणून लोक उभे राहून बघायचे. मी चिमटा हातात धरून "काय पाहिजे?" म्हटलं की पांगायचे. माझा आवाजच तसा आहे.

गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर एका बँडचे मास्तर आले. साठी ओलांडलेला माणूस, जन्मभर ट्रंपेट वाजवलेलं. कापडात गुंडाळलेलं वाद्य त्यांनी फळीवर ठेवलं.

"अक्का, हे मोडीत घाला. माजा कान गेला."

"कान गेला म्हणजे? माझं बोलणं तर ऐकू येतंय."

"तसं न्हाय वो. सूर कळंना झालाय."

त्यांच्या बँडमध्ये पोलीस बँडातून निवृत्त झालेला एक क्लॅरिनेटवाला नव्याने आला होता. त्याच्या मोबाइलमध्ये सूर मोजायचा काटा होता. मास्तरांचे वरचे सूर काट्यावर बरोबर यायचे, खालचे मात्र चढे. "मला बराबर वाटतंय आन् काटा म्हणतोय चुकलं. आता आलेली सुपारी परत करतो की. लोकांच्या लग्नात बेसूर कशाला वाजवायचं?" बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मला रागच आला. वाद्याची कधी निगा राखायची नाही, तेलाचा थेंब दाखवायचा नाही, आणि मग कान गेला म्हणून रडायचं, असं मी त्यांना फाडफाड बोलले. बोलता बोलता तिसऱ्या पिस्टनची नळी ओढली. ती हलेना. चष्मा पुसून बघितलं तर सांध्यावर डाखाची बारीक रेघ, ओल्या चिंधीने एका फेरीत पुसलेली. असं पुसायला मला वडिलांनी शिकवलं होतं. डाख माझाच होता.

मग आठवलं. दहाबारा वर्षांपूर्वी वरातीत ही नळी निसटून रस्त्यावर पडली आणि नवरदेवाच्या घोडीने तिच्यावर पाय दिला. मी ती सरळ केली आणि पुन्हा पडायला नको म्हणून झाळूनच टाकली. "आता जन्मात पडत नाही," असं वर सांगितलं. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी बँडातली बाकीची पाचही ट्रंपेटं पाठवली. मी तीही झाळली.

ती नळी सैल असते ती सरकवायलाच, हे मला फार पुढे कळलं, आणि तोवर ती सहा वाद्यं मी विसरून गेले होते. प्रत्येक पिस्टन दाबला की त्याची नळी हवेच्या वाटेत जोडली जाते. पण खालच्या सुरांसाठी पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की दोन्ही नळ्या मिळूनही लांबी थोडी तोकडी पडते आणि सूर चढतो. आमटीत पाणी वाढवलं की आधीचं मीठ पुरत नाही, तसं. मग तिसरी नळी बोटाने जराशी बाहेर सारायची, म्हणजे चढलेला सूर उतरतो. मी ती सोयच बंद केली होती. सहाही ट्रंपेटं सारखीच चढी वाजायची, म्हणून कुणाला काही खुपलंही नाही.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तरी मी "ठेवून जा, बघते," एवढंच म्हटलं. ट्रंपेट मोडीत गेलं असतं तर माझी चूकही वितळून गेली असती, हे मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

डाख वितळवून नळी सोडवली आणि घासून गुळगुळीत केली. नुसती सैल ठेवली तर वरातीत पुन्हा पडणार, म्हणून तिला बंदुकीच्या घोड्यासारखा एक खटका बसवला. दाबला की नळी बाहेर, सोडला की आत. पहिली स्प्रिंग इतकी ताठ निघाली की माझंच बोट दुखलं. दुसरी यंत्रमागाचं सामान विकणाऱ्याकडून आणली, ती बरोबर बसली.

चौथ्या दिवशी मास्तर क्लॅरिनेटवाल्याला घेऊनच आले. मी खटका कसा दाबायचा ते दाखवलं. मास्तरांनी खालचा सूर लावला. काटा मधली रेघ ओलांडून थेट दुसऱ्या बाजूला गेला. आता सूर उतरला होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यांनी ट्रंपेट हळूच खाली ठेवलं.

"बगितलं न्हवं? कानच गेला. तुमी तरी काय करणार."

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते खाली ओढून ताणलेले होते, इतक्या वर्षांच्या सवयीने. माझ्या डाखाने चढलेला सूर हा माणूस रोज ओठाने ओढून जमेल तितका खाली आणत होता. अलीकडे पुढचे दात गेले, तशी ती ओढ कमी पडू लागली होती.

"ओठ सोडा, मास्तर," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा निघाला नाही. "तुमचा कान ठीक आहे. ती नळी मी झाळली होती. तुमचीही आणि त्या पाचांचीही. चूक माझी आहे."

त्यांनी ओठ सैल सोडून, खटका दाबून सूर लावला. काटा मधोमध येऊन थांबला. दम संपेपर्यंत त्यांनी तो सूर सोडला नाही.

मी शिव्या खायच्या तयारीने उभी होते. मास्तरांनी उपरण्याने डोळे पुसले.

"म्हंजे माजा कान हाय?"

"आहे."

"अक्का, मग त्या पाचांचीबी नळी सोडा. आजच आणून देतो," ते म्हणाले. "त्यातला एकजण परवाच वाजवणं सोडतो म्हणत हुता. मीच त्याला म्हणलो, तुजा कान कच्चा हाय."