गाव सोमवारी बघावं

नागपूरहून बेंगळुरूला निघालो तेव्हा स्टेशनवर आम्हाला पोचवायला अर्धी गल्ली आली होती. माझ्या कडेवर मुलगी आणि अविनाशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हातात प्रेशर कुकर, कारण तो कुठल्याच बॅगेत मावला नव्हता. आई डोळे पुसत होती. बाबा रडणाऱ्यांतले नव्हते, सूचना देणाऱ्यांतले होते. गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून ते चालत राहिले आणि सांगत राहिले, "नोकरीला चाललात, राहायला नाही. ध्यानात ठेवा." मी मान डोलावली. गाडी सुटताना माणूस कशालाही मान डोलावतो.

तुम्ही सगळे, जे तिथेच राहिलात, त्या मान डोलावण्याला वचन समजून बसलात. म्हणून हे लिहिते आहे. आणि माझ्यासारखे जे पुण्याहून, मुंबईहून, अकोल्याहून इकडे आले आणि दर दिवाळीला "मग परत कधी?" असं विचारलं की "बघू" म्हणतात, त्यांनीही वाचावं. मी आता "बघू" म्हणत नाही. मी बघून आले आहे.

आलो तेव्हापासून आम्ही मारतहळ्ळीत भाड्याने राहिलो. घरं बदलली, पिनकोड तोच. सुरुवातीला गॅलरीतून नारळाची झाडं दिसायची, आता समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाचा टीव्ही दिसतो. मॅच कोण जिंकतंय ते कळतं, एवढाच फायदा. मी टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधली खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, अशी ही नोकरी. सासरच्या लोकांना हे कळल्यावर त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं. आता निवृत्ती दोनेक वर्षांवर आली आहे. अविनाशची तर झालीच. या गोंगाटात म्हातारं व्हायचं नाही, एवढं आमचं दोघांचं ठरलं होतं. पुढचं दादाने ठरवलं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आईबाबा गेल्यावर नागपूरचं घर त्याने आणि वहिनीने सांभाळलं, आणि तीन वर्षांपूर्वी त्यावर मजला चढवायला घेतला. आमच्यासाठी. विचारलं नाही, फोटो पाठवले. आज स्लॅब, उद्या टाइल्स, परवा खिडकीला जाळी. मी फोटो बघायचे आणि नुसतं "छान" लिहून पाठवायचे. कारण त्या जाळीत, त्या टाइल्समध्ये निव्वळ माया होती. कोणी जबरदस्तीने ओढलं तर हात झटकता येतो. मायेने ओढलं की झटकताना आपणच वाईट ठरतो.

तरीही मी बेंगळुरूच्या आसपासची गावं बघायला लागले. अजून दोन वर्षं जिथून व्हाइटफील्डच्या ऑफिसला जाता येईल आणि पुढे जिथे राहता येईल, असं गाव. अविनाश याला "स्थळं बघणं" म्हणायचा. दर रविवारी एक स्थळ. एजंट गाडी घेऊन यायचा आणि रिकाम्या रस्त्यावरून सुसाट नेऊन सांगायचा, "मॅडम, व्हाइटफील्ड ओन्ली ट्वेंटी मिनिट्स." जिकडे जावं तिकडून व्हाइटफील्ड वीसच मिनिटांवर. रविवारी सगळी स्थळं गोरीपान आणि सुस्वभावी असतात. अविनाश मलाही रविवारीच बघायला आला होता. पोह्यांवर खोबरं भुरभुरलेलं, माझी मान खाली, आवाज मऊ. सोमवारची मी त्याला लग्नानंतर कळले.

म्हणून मी एजंटला म्हटलं, "अब मंडे को देखेंगे." तो हसला आणि पुन्हा आला नाही. मग आम्हीच एका रविवारी संध्याकाळी त्यातल्याच एका गावाला, होसकोट्याला, गेलो आणि तिथल्या एका साध्या लॉजमध्ये राहिलो. सोमवारी सकाळी मी लॅपटॉपची बॅग घेऊन, जणू तिथलीच असल्यासारखी, बसस्टॉपवर उभी राहिले.

कारखान्यांची शिफ्ट, शाळा, कॉलेज, हमरस्त्यावरचे लॉरीवाले, सगळे एकाच वेळी निघालेले. धूळ अशी की मी सकाळी केस धुतले होते हे मला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. बस भरून आली. ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप कॉलची वेळ झाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या कॉलला खरोखर उभी होते. म्यूट काढला की माझ्याआधी लॉरीचा हॉर्न बोलायचा. समोर बसलेल्या बाईने माझ्याकडे एकदा बघितलं, "कोडी", म्हणजे द्या इकडे, म्हणाली आणि माझी बॅग ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवली. तिच्या मांडीवर आधीच एका कॉलेजच्या मुलीची सॅक होती. बसलेल्याने उभ्याचं ओझं घ्यायचं, ही इथल्या बसमधली रीत. उशीर झाला तो झालाच.

रात्री अविनाशने विचारलं, "मग? नापास?"

"खोट भरपूर आहे," मी म्हटलं. "पण सगळी दिसली. ज्यात एकही खोट सापडत नाही, ते नीट तपासलेलं नसतं."

"सरी," अविनाश म्हणाला. कन्नडमधले दोनच शब्द त्याला येतात, सरी आणि स्वल्प. ठीक आणि थोडंसं. तेवढ्यावर त्याचं सगळं निभावलं आहे, घरातसुद्धा. तसा तो आधीच पाघळला होता. होसकोट्यात लोक पहाटे अंधारात बिर्याणीसाठी रांग लावतात हे त्याला कळलं होतं, आणि सावजी मटणावर वाढलेल्या माणसाला गाव पसंत पडायला आणखी काय लागतं?

नंतरही आम्ही तिकडे जात राहिलो. एकदा एका गल्लीत विकाऊ घरासमोर आमची जुंपली होती. पाणी किती येत असेल यावर मी माझं मत देत होते आणि अविनाश हळू बोल म्हणत होता. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक म्हातारी बाई बाहेर आली. "मराठी की काय तुम्ही? उन्हात काय उभे राह्यलाय? या की आत. स्वल्प कॉफी घ्या."

त्या कमलक्का. रिटायर्ड शिक्षिका. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आणि आवाजात पूर्ण वर्ग. पाण्याची खरी गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली: दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. मग मी आपण सगळे विचारतो तेच विचारलं. मराठी माणूस चंद्रावर भेटला तरी पहिल्या घोटाला हेच विचारेल. "तुमचं मूळ गाव कुठलं?"

"हेच की," कमलक्का म्हणाल्या.

"नाही, त्याच्या आधीचं?"

"आधीचं कुणाला ठाऊक, अक्का? आजेसासरे सांगायचे, चारशे वर्षांमागं मराठी फौजेबरोबर घोड्यावरनं आले म्हणून. कुठनं ते घोड्यालाच ठाऊक." त्या मनापासून हसल्या. "तिथनं कोण बोलवायला आलं नाही. आम्ही पण वाट बघितलो नाही."

परतताना मला त्या बाईचा हेवा वाटला. तिच्या चारशे वर्षांमागे कोणी उरलं नव्हतं. माझ्यामागे बोलावणारा जिवंत होता, टाइल्सचे फोटो पाठवत होता. मला होसकोट्याला हो म्हणायचं तर त्याला तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. आणि मला माझा भाऊ गमवायचा नव्हता.

भाऊबीजेला नागपूरला गेलो. ओवाळून झालं, तसा दादा मला वर घेऊन गेला. पलंगावरच्या गादीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्याने गीझर लावून दाखवला, नळ सोडून दाखवला. "बाथरूममध्ये दांडी बी लावली पाह्य. गुडघ्यांचं काही खरं नसते नं."

आणखी थांबले असते तर मला बोलताच आलं नसतं. "दादा, आम्ही होसकोट्याला घर घेतोय. बेंगळुरूच्या थोडं बाहेर."

"म्हणजे बेंगळुरू बी नाही?" तो बघतच राहिला. "काय बोलून राहिली तू? तिथं आहे कोण तुझं?"

"मी आहे."

हे मी ठरवून बोलले नव्हते. पण बोलले आणि मला कळलं की तेच खरं आहे. इथे गल्लीत मला बाबांची मुलगी म्हणून ओळखतात. त्याचा मला आनंदच आहे, पण चार दिवस. तिथे मला माझ्या नावाने ओळखतात. तिथे मी भांडून डिपॉझिट परत मिळवलं आहे, मुलीला वाढवून मार्गी लावलं आहे, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये भाजीवाल्याला हरवलं आहे. ती बाई तिथे सोडून मी कुठे यायचं? मी हे सगळं त्याला सांगितलं. आवाज चढला असणार, कारण खाली वहिनीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे आम्ही परके झालो," दादा म्हणाला. "मंग ही खोली बांधली कोणासाठी?"

"तुझ्यासाठी," मी म्हणाले. "एक पोरगा पुण्यात, एक जर्मनीत. घर खायला उठतं तुला. आम्ही वर चाललो-फिरलो की तुला बरं वाटलं असतं."

तो गादीवर बसला. खालचं प्लास्टिक कुरकुरलं. मला रडू येत होतं, पण मी शब्द मागे घेतला नाही. इतकी वर्षं बोलावणारा तो आणि कारणं सांगणारी मी. आपल्याला कोणीतरी बोलावतंय म्हणजे आपलं घर तिथे, अशी माझीही समजूत होती. आता मला वाटतं, जिथून आपण दुसऱ्याला हक्काने बोलावू शकतो ते आपलं घर. आणि तसं घर माझं होणार होतं, दिवसाआड पाणी येणारं.

"मी येणार नाही, दादा," मी म्हणाले. "तू ये. वहिनीला घेऊन ये. एप्रिल-मे राहा."

नागपूर सोडून तो लग्नाकार्यापलीकडे कधी कुठे राहिलेला नाही. तो उठून खिडकीच्या जाळीची कडी तपासायला लागला. मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "मे महिन्यात कूलर लागते का तिकडं?"

"नाही," मी म्हणाले. "पंख्यावर भागतं."